गोळी ताकात टाकून देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत): तापीकाठच्या एका गावातून ४१ वर्षांच्या ताईंनी लिहिलंय. मिस्टर ४६ वर्षांचे, घरची केळी. तीन वर्षांपूर्वी केळी कापणीच्या वेळी खांद्यावर घड घेऊन येताना ठिबकच्या ओल्यात पाय सटकला आणि ते पाठीवर पडले. तेव्हापासून कंबर दुखते, डाव्या पायात करंट गेल्यासारखं होतं. एमआरआयमधे डिस्क बल्ज (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली) निघाला. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, दुसरे म्हणाले गरज नाही. दोन वर्षं जवळजवळ रोज पेनकिलर, आणि मधे कुणीतरी सांगितलेली एक पुडी सुरू केली ती अजून चालूच. गेल्या सात-आठ महिन्यांत माणूसच बदलला. पहाटे तीनला झोप उघडते, जेवण अर्ध्यावर, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, पारावर जाणं बंद. मात्र श्रावणात कानबाईच्या (खान्देशातली घरोघरी बसवतात ती देवी) विसर्जनाला सगळ्यांबरोबर नदीपर्यंत चालत गेले आणि मग चार दिवस खाटेवरून उठले नाहीत. तेव्हापासून दीर म्हणतात, सगळं नाटक आहे. सासूबाई बाहेरचं पाहून आल्या. जळगावच्या नव्या डॉक्टरांनी तपासून ड्युलोक्सेटिन नावाची कॅप्सूल दिली, मेडिकलवरचा पोरगा म्हणाला "ही तर डिप्रेशनची गोळी", आणि मिस्टरांनी घरी येऊन आख्खी स्ट्रिप उकिरड्यावर फेकली, "मी काय येडा शे का?" ताईंनी ती गुपचूप उचलून आणली आहे. त्या विचारतात, दुखणं खरं आहे की मनाचं? आणि कॅप्सूल फोडून ताकात टाकून दिली तर चालेल का? शेवटी एक ओळ आहे, "परवा म्हणाले, मी नसतो तर तुमचं तरी नीट झालं असतं."

ताई,

तुम्ही वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत. ताकाचा प्रश्न पहिल्याच पानावर आहे आणि ती शेवटची ओळ चौथ्या पानाच्या कडेला, आडवी, वेगळ्या पेनाने लिहिलेली. मी तिथूनच सुरू करते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

आज संध्याकाळी जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "तुम्ही परवा जे बोलला, ते ऐकून मला भीती वाटली. जीव द्यायचा विचार येतो का मनात?" हो, एवढं सरळ. आपल्याकडे वाटतं की असं विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल, पण तसं होत नाही, उलट इतके दिवस एकट्याने गिळलेलं माणूस बाहेर काढतो आणि बऱ्याचदा रडतो, आणि ते रडणं चांगलं असतं. "असं काही बोलू नका हो, देवाने सगळं दिलंय" हे मात्र नको, त्याने बोलणं तिथंच बंद होतं. फक्त ऐका. आणि उत्तर काहीही येवो, घरात किंवा मोटारीच्या खोलीत फवारणीचं जे काही औषध पडलंय, अर्धी बाटली असली तरी, ते उद्या सकाळी भावाकडे नाहीतर शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा. पेनकिलरचा साठापण तुमच्या ताब्यात घ्या. असा विचार बऱ्याच वेळा एखाद्या वाईट तासाभराचा असतो आणि त्या तासाला हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, हे मी उगाच सांगत नाहीये. ते "हो" म्हणाले, किंवा कसं करायचं तेही ठरवलंय असं वाटलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच रात्री सिव्हिलला घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. रात्री-बेरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी फोनसेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी पण लावू शकता.

आता ताक.

नका टाकू. एक कारण अगदी साधं आहे, ते आधी सांगते. ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल उघडली तर आत बारीक साबुदाण्यासारखे दाणे असतात, त्या दाण्यांवर मुद्दाम एक थर दिलेला असतो कारण पोटातल्या ॲसिडमधे हे औषध खराब होतं, तो थर त्याला आतड्यापर्यंत सुखरूप नेतो. ताक आंबट, त्यात दाणे भिजले, रवीने घुसळले किंवा दाताखाली आले की थर गेला. म्हणजे औषध दिलं असं तुम्हाला वाटणार आणि पोटात किती गेलं त्याचा पत्ता नाही. ही कॅप्सूल आख्खीच गिळायची असते, फोडायची नाही, चावायची नाही. ज्या कुणी वाचकांच्या घरात औषधं पिठात मळून, भाजीत कालवून चालली आहेत (आणि अशी घरं बरीच आहेत, मला पत्रं येतात) त्यांनी निदान एकदा डॉक्टरला विचारावं की ही गोळी फोडायची आहे का.

दुसरं कारण तुम्हाला माहितीच आहे, म्हणून तर तुम्ही विचारलंत, नाहीतर सरळ टाकून मोकळ्या झाल्या असत्या. ज्या माणसाला वाटतंय की सगळे मिळून आपल्याला येडा ठरवतायत, त्याला एक दिवस ताकाच्या तळाशी पांढरे दाणे दिसले तर? मग तुमच्या हातचं पाणीसुद्धा तो आधी निरखून बघेल. सध्या त्या घरात त्यांचा विश्वास असलेलं माणूस तुम्हीच दिसताय, परवाचं वाक्य ते दिराला नाही बोलले, आईला नाही बोलले, तुम्हाला बोलले. तो विश्वास ताकात नका घालवू.

मग गोळी द्यायची कशी? त्यासाठी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे जावं लागेल, कारण तिथे एक गाठ बसलीये. दुखणं खरं की मनाचं. तुम्ही, तुमचे दीर, मेडिकलवरचा पोरगा, आणि स्वतः ते (तुम्हाला ताई म्हटलं म्हणजे ते माझे दाजीच झाले, तर दाजी म्हणते), तुम्ही सगळे एकच गोष्ट धरून चाललात, की दोनातलं एक काहीतरी असणार. पाठीचं असेल तर खरं, मनाचं असेल तर खोटं. डिप्रेशनची गोळी दिली म्हणजे डॉक्टरने दुखणं खोटं ठरवलं. मला हे पटत नाही, आणि नुसतं मला नाही, दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांची जी जगभराची संघटना आहे तिने १९७९ साली दुखण्याची व्याख्या केली, २०२० मधे ती पुन्हा दुरुस्त केली, दोन्ही वेळा त्यात शरीराची जाणीव आणि मनाची भावना हे एकाच वाक्यात, शेजारी शेजारी ठेवलंय. मनाचा भाग नसलेलं दुखणं नसतंच.

दाजींना समजेल असं सांगायचं तर रात्रीची लाईट आठवा. बारा वाजता लाईट आली की बॅटरी घेऊन शेतात जायचं, मोटार चालू करायची आणि दारं धरायचं, हा वाफा भरला की त्याचं दारं बंद करून पुढच्याचं मोडायचं. (ठिबक आल्यावर हे कमी झालं, पण त्यांच्या वयाच्या शेतकऱ्याने ते भरपूर केलेलं असणार.) आता समजा दारं धरणारा माणूस बांधावर झोपून गेला. मोटार तेवढीच, पाणी तेवढंच, पण एकाच वाफ्यात शिरतंय आणि सकाळपर्यंत तळं. आपल्या मणक्यात असंच चालतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की पाठीतून, पायातून निघालेला दुखण्याचा निरोप थेट मेंदूत जात नाही, मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू दारं असतात, ती कमी-जास्त उघडतात, आणि वरून मेंदूसुद्धा ती उघड-बंद करू शकतो. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ गोष्ट टिकली. मेंदूकडून खाली येऊन दारं धरण्याचं काम ज्या रसायनांमार्फत होतं त्यातली दोन मोठी म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन. आणि डिप्रेशनमधे ज्यांचं गणित बिघडतं असं मानतात, ती पण हीच दोन. म्हणजे मन खचलेलं असताना दारं धरणारा पेंगतो, आणि पाठीतून तेवढाच निरोप आला तरी वर दुप्पट पोचतो. हे उलट बाजूनेही चालतं. दुखण्याने झोप जाते, झोप गेली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त लागतं, काम सुटतं, काम सुटलं की पारावरची माणसं सुटतात, पैशाचं ओझं बायकोवर गेल्याची लाज वाटते, आणि मन आणखी खाली. कुठून सुरू झालं हे आता शोधायचंच कशाला, गाडी दोन्ही चाकांवर चालली आहे.

म्हणून ही कॅप्सूल. ती या दोन रसायनांवर काम करते, म्हणून मनावरही चालते आणि दुखण्यावरही. अमेरिकेच्या औषध खात्याने तिला २००४ साली डिप्रेशनसाठी आणि त्याच वर्षी शुगरमुळे पायाच्या नसा दुखतात त्यासाठी मंजुरी दिली, आणि २०१० मधे जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यासाठी. म्हणजे डॉक्टरांनी पाठीला गोळी दिली नाही असं नाही, पाठीलाच दिली. गावात किती जण शुगरने पायाची आग होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी घेतात, ती पण मुळात डिप्रेशनची, त्यांना कुणी येडं म्हणत नाही कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही. ॲस्पिरिन डोकेदुखीला पण असते आणि हृदयाच्या पेशंटला रक्त पातळ राहावं म्हणून पण. एका विळ्याने गवतही कापतात आणि भाजीही चिरतात.

इथे मला डॉक्टरांवर थोडं चिडायचंय. हे सगळं सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. "ही गोळी मेडिकलवाला डिप्रेशनची म्हणेल, पण मी तुमच्या नसांसाठी आणि झोपेसाठी देतोय" एवढं एक वाक्य. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात हे मला कळतं, पण ते एक वाक्य राहिल्यामुळे औषध उकिरड्यावर गेलं आणि तुमचा येण्या-जाण्याचा खर्च पाण्यात. आणि काउंटरवरून चार लोकांसमोर आजाराचं नाव पुकारणारं ते पोरगं, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

बरं, मग दाजींना डिप्रेशन आहे का? मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. पण तुम्ही पहिल्या पानावर एक गोष्ट सहज लिहून गेलात, की पूर्वी सकाळी बऱ्हाणपूरचा केळीचा भाव कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही, आणि आता व्यापारी बागेत येऊन गेला तरी काय भावाने दिली हे ते विचारत नाहीत. ताई, मला एमआरआयपेक्षा ही ओळ मोठी वाटली. पाठ दुखते म्हणून माणूस घड उचलणार नाही, वाकणार नाही, पण भाव विचारायला पाठ लागत नाही. पहाटे तीनला जाग, अन्नावरची वासना गेली, चिडचिड (आपल्याकडे पुरुषाचं डिप्रेशन रडून कमी आणि खेकसून जास्त बाहेर पडतं), आणि परवाचं वाक्य. हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरला दाखवावं असं असतं, तुमच्याकडे आठ महिने झालेत.

आणि ते स्वतः कधीच म्हणणार नाहीत की मला उदास वाटतं. ते म्हणतील आंग दुखस. ही काही खान्देशातल्या अडाणीपणाची गोष्ट नाही बरं का. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांत पाहणी केली होती, १९९९ साली छापून आली, त्यात आपलं बंगलोरही होतं. साध्या दवाखान्यात आलेल्या ज्या लोकांना तपासल्यावर डिप्रेशन निघालं, त्यांच्यातल्या ६९ टक्के लोकांनी डॉक्टरकडे येण्याचं कारण फक्त शरीराचं सांगितलं होतं, डोकं, पाठ, पोट, थकवा. दुखणं हे सांगायला सोपं असतं, त्याला खाट मिळते, चहा मिळतो, कुणी हसत नाही. मनाचं सांगितलं की काय मिळतं ते दाजींनी मेडिकलवर बघितलंच.

आता दीर. कानबाईच्या विसर्जनाला नदीपर्यंत चालले म्हणजे नाटक, हा त्यांचा पुरावा. मला तो पुरावा उलटा वाटतो. रात्रभर जागरण, गाणी, रोटांचा घरभर वास, आख्खी भाऊबंदकी सोबत, अशा वेळी मेंदू दुसरीकडे गुंतलेला असतो आणि वरून दारं बंद होतात, दुखणं खरोखर कमी जाणवतं, पळणाऱ्या पोराला ठेच लागलेली घरी आल्यावर कळते तसं. आणि नंतरचे चार दिवस खाट, कारण महिनोन्‌महिने न हललेल्या पाठीला एका दिवसात एवढं चालवलं. यात नाटक कुठे आहे? दिरांशी भांडू नका पण, भांडून तुमचीच शक्ती जाते. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना त्यांनाच गाडी चालवायला सोबत न्या आणि खोलीत आत बसवा. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं भावाला पटतं, वहिनीच्या तोंडून ऐकलेलं पटत नाही, काय करणार. सासूबाईंनी बाहेरचं पाहिलं तर पाहू द्या, अंगारा लावून औषध घेता येतं, फक्त त्यात पैसे आणि महिने जायला नकोत.

ऑपरेशनचं. डिस्क बल्ज हा शब्द ऐकून घरात जेवढी भीती बसते तेवढी बसायचं कारण नाही. २०१५ साली बऱ्याच अभ्यासांची मोट बांधून एक मोठा लेख आला होता, त्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा चाळिशीतल्या लोकांचं स्कॅन पाहिलं तर साधारण निम्म्या लोकांना डिस्क बल्ज दिसला. म्हणजे एमआरआयवर दिसलं म्हणून तेच दुखतंय असं नाही, आणि एमआरआयवर फारसं काही नाही म्हणून दुखत नाही असंही नाही. तरी काही गोष्टी दिसल्या तर वाट न बघता हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरकडे पळा: लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल उचललं न जाणं, म्हणजे चालताना पायातली चप्पल निसटून जाते आणि कळत नाही. रोज संध्याकाळी ताप आणि वजन उतरत असेल तर मणक्याचा टीबी पण बघावा लागतो, आपल्याकडे तो असतो. यातलं काही नसेल तर ऑपरेशनचा निर्णय घाईत घेऊ नका, आणि मन एवढं खचलेलं असताना तर अजिबात नको.

त्या पुडीचं तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंय. माझ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. दोन दिवसांत हातपाय मोकळे करणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. तोंड गोल सुजल्यासारखं झालंय का बघा, शुगर, बीपी वाढलंय का बघा. स्टिरॉइडने झोप आणि मूडपण बिघडतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा एक तुकडा त्या कागदाच्या पुडीत असू शकतो. पण ऐका, ती एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, आणि अचानक बंद केलं तर बीपी पडणं, उलट्या, चक्कर असं होऊन माणूस गंभीर होऊ शकतो. पुडी तशीच डॉक्टरकडे घेऊन जा, दाखवा, ते हळूहळू उतरवतील. दोन वर्षं रोज पेनकिलर झालीये तर किडनीची क्रिएटिनिन तपासणी, आणि संडास डांबरासारखी काळी होते का हे विचारा, ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं. हे आधी बघायचं कारण असं की ड्युलोक्सेटिन आणि पेनकिलर एकत्र चालू असले की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. पेनकिलरमधे ट्रामाडॉल नावाचं औषध असेल तर तेपण सांगा, त्या दोघांचं फार जमत नाही. आणि दाजी घेत असतील, अधूनमधून म्हणा किंवा रोज म्हणा, तर तेही न लाजता सांगा. दारू आणि ही गोळी यांचा भार लिव्हरवर पडतो, मग डॉक्टर दुसरी निवडतील.

थायरॉइड, बी-१२, डी व्हिटॅमिन, शुगर, या तपासण्या झाल्या नसतील तर सांगून करून घ्या. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. माझी आई भुसावळला असायची, सारखं अंग दुखतंय, काही करावंसं वाटत नाही म्हणायची, आणि मी, समुपदेशक मुलगी, तिला सांगत राहिले की मन रमव, भजनाला जा. वर्षभराने कुणीतरी थायरॉइड तपासलं तर ते पार बिघडलेलं. भजनाला ती जात होती बिचारी, दुखत्या अंगाने, माझ्या सांगण्यावरून.

तर गोळीचं दाजींना कसं सांगायचं. तुम्ही समजावू नका, त्यांनाच डॉक्टरला विचारू द्या. "त्या पोराने काहीतरी सांगितलं म्हणून फेकू नका, आपण परत जाऊ आणि तुम्ही स्वतः विचारा, ही मला कशाला देताय?" माणसाला प्रश्न विचारायचा मान मिळाला की गोळी गिळणं सोपं जातं. डॉक्टरांना आधी फोन करून किंवा चिठ्ठीवर लिहून झोप, भूक आणि परवाचं वाक्य कळवा, तेवढं त्यांच्यासमोर बोलणं कठीण जाईल. त्या वाक्यामुळे मानसोपचार डॉक्टरकडे जावं लागेल असं मला वाटतं, सिव्हिलला तो विभाग असतो, तिथल्या गोळ्यापण मिळतात. दाजी "मनाच्या डॉक्टरकडे" म्हटल्यावर अडतील, त्यांना सांगा की झोपेचं दाखवायचंय, आणि ते खोटं नाही, पहाटे तीनला उठणारा माणूस झोपेसाठीच तर चाललाय.

गोळी सुरू झाली की पहिला आठवडा मळमळ, तोंड कोरडं, थोडं गरगरणं होऊ शकतं, बहुतेकांचं ते ओसरतं. फरक लगेच दिसत नाही, दोन ते चार आठवडे धरा, कधी सहा. पेनकिलरसारखी अर्ध्या तासात दुखणं गेलं असं होणार नाही, आणि इथेच लोक सोडून देतात. सुरुवातीचे हे आठवडे जास्त लक्ष ठेवा, बेचैनी वाढली किंवा ते तसलं बोलणं पुन्हा आलं तर लगेच डॉक्टरला कळवा. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद पण करायची नाही, एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं होतं. आणि आशा किती ठेवायची तेही सांगते, उगाच गोड नको. अमेरिकेत कंबर, खुबा, गुडघा दुखणाऱ्या आणि सोबत डिप्रेशन असलेल्या २५० लोकांवर एक अभ्यास झाला, २००९ साली छापला. निम्म्यांना आधी नीट लक्ष ठेवून डिप्रेशनची औषधं आणि मग दुखणं कसं सांभाळायचं याची शिकवणी दिली, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. वर्षाने पहिल्या गटात दुखणं चांगलं कमी झालेले ४१ टक्क्यांच्या आसपास होते, दुसऱ्यात १७. मनाचंही तसंच, दुपटीहून जास्त फरक. पण बघा, चांगल्या गटातही निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं तेवढं उतरलं नाही. एका औषधाने नाही जमलं तर दुसरं, सोबत व्यायाम, सोबत बोलणं, असं करत जावं लागतं.

व्यायामाचं लोक सांगतात "चालत जा", आणि तिथंच संपवतात. दाजींचं काय होतंय, बरं वाटलं की नदीपर्यंत, मग चार दिवस खाट, मग भीती, मग आणखी कमी हालचाल. याऐवजी घड्याळ लावा. रोज आठ मिनिटं, बरं वाटो की वाईट, बांधापर्यंत जायचं आणि यायचं. चांगला दिवस असला तरी आठच, हे त्यांना जास्त अवघड जाईल. आठवड्याने दहा. थोडं दुखेल, थोडं दुखणं म्हणजे इजा नाही, हे फिजिओथेरपीवाला एकदा हात लावून समजावून सांगेल तर बरं. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल ठेववत नाही, तेव्हा सहाच्या आत उरका. आणि जाताना काम द्या, नुसतं फिरायला शेतकरी माणसाला लाज वाटते. कोणत्या ओळीत किती घड निसवले ते मोजून या म्हणा. ते काम खरं असलं पाहिजे, त्यांनी सांगितलेला आकडा तुम्ही वहीत लिहिला पाहिजे.

तुम्ही लिहिलंय की पडले त्या दिवशीचा केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा त्यांनी अजून खुंटीवर ठेवलाय, धुवू देत नाहीत, फेकू देत नाहीत, तो काढून टाकू का. नको. राहू द्या. तो त्यांचा आहे, कधी काढायचा ते त्यांना ठरवू द्या.

तुमच्याबद्दल चार पानांत एकच ओळ आहे, "माझं काय, मी आहे खंबीर." बाग तुम्ही बघता, मजूर तुम्ही आणता, व्यापाऱ्याशी भाव तुम्ही करता, रात्री त्यांच्या कुशी बदलण्याने तुमची झोप मोडते, आणि दोन वर्षं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेला नाहीत असं तुम्हीच एका ठिकाणी लिहून वर काट मारलीये. काट मारलेलं पण वाचता येतं, ताई. या आखाजीला जा. मुलगा अठराचा आहे ना, दोन दिवस बापाला सांभाळेल. पण परवाच्या वाक्याचं डॉक्टरशी बोलणं झालेलं असलं आणि ते म्हणाले हरकत नाही, तरच. नसेल झालं तर भावाला सांगा, त्याने मुराळी बनून यावं आणि तिथेच दोन दिवस राहावं, झोका तुमच्याच अंगणातल्या झाडाला बांधा.

आणि उद्या सकाळी चहा देताना त्यांना बऱ्हाणपूरचा भाव तुम्ही सांगा. विचारू नका, नुसता सांगा, आणि कप ठेवून कामाला लागा. उत्तर नाही आलं तरी परवा पुन्हा सांगा. पंधरा दिवसांनी मला दोन ओळी लिहा, डॉक्टर काय म्हणाले आणि त्या पुडीत काय निघालं ते.